राक्षसाला आधी भूक द्या, मग चेहरा: विज्ञान-भयकथेतला जीव कसा घडवावा

विज्ञान-भयकथा लिहायला बसलं की पहिला मोह होतो तो रूपाचा. डोळे किती, दात कुठे, कातडी कशी, पाय सहा की आठ. अशा चित्रांनी मी वह्या भरल्या आहेत, आणि त्या वह्यांतला एकही जीव कथेत तीन पानांपलीकडे टिकला नाही. रूप पहिल्यांदा दिसतं तेव्हा हादरा बसतो. दुसऱ्यांदा तो अर्धा होतो. तिसऱ्यांदा वाचक त्या जीवाकडे ओळखीच्या नजरेनं बघू लागतो. वर्तनाचं नेमकं उलट आहे. एखादा जीव काय करतो, कधी करतो आणि कशासाठी करतो हे वाचकाला जितकं कळत जातं तितकी त्याची भीती वाढत जाते, कारण पुढे काय होणार हे आता त्याला ठाऊक असतं आणि कथेतल्या माणसांना नसतं.

म्हणून क्रम उलटा धरायचा. आधी जीवाची गरज, मग त्याचं जीवनचक्र, मग वागण्याचे नियम, आणि शेवटी, गरज उरलीच तर, रूप. बोलणं हवेत राहू नये म्हणून आपण एक जीव सोबतच घडवत जाऊ. जागा: एका प्रचंड ग्रहाभोवती फिरणारा बर्फाळ उपग्रह, त्यावर अकरा माणसांचा तळ. काम: खोल विवर खणून बर्फ वर आणायचा आणि तो वितळवून पाणी, ऑक्सिजन, इंधन मिळवायचं. जागा कल्पनेतली आहे, पण अशक्य नाही. गुरूच्या युरोपाच्या आणि शनीच्या एन्सेलेडसच्या बर्फाखाली पाणी असल्याचे भक्कम पुरावे आहेत. एन्सेलेडसच्या दक्षिण ध्रुवावरून उडणारे फवारे कॅसिनी यानानं 2005 मध्ये टिपले. ग्रहाच्या ओढीनं असा उपग्रह सतत थोडाथोडा पिळवटला जातो आणि आतून ऊबदार राहतो. आपल्या जीवाला आपण 'निवळ' म्हणू. हे नाव का, ते लवकरच कळेल.

पायरी १: गरज एका वाक्यात लिहा

'त्याला माणसांना मारायचं आहे' ही गरज नव्हे, ती लेखकाची सोय आहे. निसर्गात कुठलाही जीव निव्वळ मारण्यासाठी जगत नाही. त्याला खायचं असतं, वाढायचं असतं, पिल्लं जगवायची असतात, आणि आपण वाटेत येतो.

पिसाळलेल्या कुत्र्याचं उदाहरण घ्या. रेबीजचा विषाणू चावलेल्या जागेपासून चेतातंतूंवाटे मेंदूपर्यंत पोचतो आणि तिथून लाळग्रंथींत उतरतो. जनावर बिथरतं, समोर येईल त्याला चावतं. घशाचे स्नायू आखडल्यानं गिळता येत नाही, त्यामुळे लाळ तोंडातच साचते. ही सगळी लक्षणं सुटी सुटी पाहिली तर वेड वाटतात. पण विषाणूला एकाच्या लाळेतून दुसऱ्याच्या जखमेत जायचं आहे हे एकदा कळलं की त्या वेडाला दिशा दिसते. ती दिशा दिसण्याचा क्षण हीच आपल्याला कथेत हवी असलेली भीती.

एच. जी. वेल्स यांनी 1898 च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये मंगळवासीयांना पचनसंस्थाच ठेवली नाही. ते दुसऱ्या जिवंत प्राण्यांचं रक्त सरळ स्वतःच्या नसांत घेतात. त्या एका शारीरिक तपशिलामुळे ते माणसांना जिवंत पकडून का नेतात, हे वेगळं सांगावं लागत नाही.

कागदावर हे वाक्य पुरं करा: 'हा जीव अमुक मिळाल्याशिवाय तमुक करू शकत नाही.' आणि जमलं तर एकमेकींविरुद्ध ओढणाऱ्या दोन गरजा द्या. एकच गरज असली की जीव एका जागी बसून राहतो. दोन असल्या की त्याला प्रवास करावा लागतो, आणि प्रवासात माणसं भेटतात. निवळसाठी मी लिहिलं: उबेशिवाय तो वाढू शकत नाही, आणि कडक थंडीशिवाय बीजाणू सोडू शकत नाही. तळावर ऊब माणसांच्या अंगात आणि टाक्यांत आहे, थंडी विवरात आहे, आणि या दोहोंच्या मध्ये एक बंद दार आहे. अजून एकही प्रसंग सुचलेला नसताना त्या दाराकडे माझं लक्ष जाऊ लागलं.

पायरी २: जीवनचक्र काढा आणि टप्पे एकमेकांपासून लपवा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. माझ्या मते विज्ञान-भयकथेची खरी ताकद इथेच आहे, आणि बहुतेक नवे लेखक अंडं-पिल्लू-मोठा जीव एवढ्यावर ती आटोपती घेतात.

अठराव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात पोहणारे शेपटीवाले बारीक जीव दिसले, तेव्हा त्यांची नोंद 'सर्कारिया' या नावानं, स्वतंत्र जीव म्हणून झाली. मेंढ्यांच्या यकृतात सापडणारे चपटे कृमी तोवर कधीचेच माहीत होते. गोगलगायींच्या शरीरातही पिशवीसारखे काही जीव आढळत होते. पोहणारा, पिशवीसारखा आणि चपटा, या तिघांत कसलंच साम्य नव्हतं. डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ यापेटुस स्टीनस्ट्रुप यांनी 1842 मध्ये मांडलं की हे वेगवेगळे प्राणी नाहीत, एकाच प्राण्याच्या आळीपाळीनं येणाऱ्या पिढ्या आहेत. रूप वेगळं, घर वेगळं, खाणं वेगळं, वंश मात्र एकच.

ही तुमच्या कथेची रचनाच आहे. वाचकाला तीन असंबद्ध गोष्टी दाखवा. त्यातली एक विचित्र, एक किरकोळ, आणि एक चक्क चांगली असू द्या. कथेच्या मध्यावर त्या तिन्ही एकाच जीवाच्या आहेत हे उघड होऊ द्या. त्या क्षणी वाचक मागची पानं मनात पुन्हा वाचतो, आणि आधी निर्धास्तपणे वाचलेली वाक्यं आता त्याला बोचू लागतात.

प्रत्येक टप्प्यासाठी पाच प्रश्नांची उत्तरं लिहा: तो कुठे राहतो, काय खातो, किती काळ टिकतो, कशानं मरतो, मागे काय सोडतो. पाचव्या प्रश्नावर कंजुषी करू नका. टाकलेली कात, बदललेला वास, कमी झालेला साठा, भिंतीवरचा ओलावा असे माग कथेला पुरवणारा तोच प्रश्न आहे.

निवळचे टप्पे मी असे ठरवले. पहिला, बर्फातले बीजाणू. बर्फ वितळवल्यावर तळाशी बसणाऱ्या राखाडी धुळीसारखे दिसतात, म्हणून गाळ समजून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. दुसरा टप्पा कोमट टाकीत. बीजाणू फुटून टाकीच्या भिंतींवर पातळ, पारदर्शक साय धरतात. ती साय पाण्यातला गाळ आणि क्षार खाते, त्यामुळे पाणी निवळतं. महिनाभर मातकट चवीचं पाणी पिणारी माणसं खूश होतात, गाळणी दुरुस्त करणाऱ्याची पाठ थोपटतात. नाव तिथून आलं. तिसरा टप्पा माणसाच्या अंगात. सुरुवातीला गाढ झोप लागते, जुनी सांधेदुखी थांबते, अंग किंचित गरम लागतं, आणि मग त्या माणसाला थंडीची ओढ लागते. चौथा टप्पा विवरात, गोठलेल्या शरीरातून निघणारे बीजाणू, आणि चक्र पुन्हा सुरू.

यातली भयकथा शेवटच्या टप्प्यात नाही. ती दुसऱ्या टप्प्यात आहे, जिथे सगळे समाधानानं पाणी पीत आहेत. जीवनचक्रात एक टप्पा तरी माणसाला हवाहवासा वाटेल असा ठेवा.

संख्येचाही विचार याच कागदावर करा. मावा हा पिकांवरचा कीटक पाहा. विणाऱ्या मादीच्या पोटात पिल्लं असतात, आणि जन्माआधीच त्या पिल्लांच्या पोटात त्यांच्या पुढची पिढी आकार घेत असते. कोपिडोसोमा नावाची अगदी चिमुकली गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते, आणि त्या एकाच अंड्यापासून सुरवंटाच्या अंगात हजाराहून जास्त अळ्या तयार होऊ शकतात. त्यातल्या काही कधीच मोठ्या होत नाहीत; प्रतिस्पर्धी अळ्यांना मारणं एवढंच त्यांचं काम असतं. मेरी शेली यांच्या 1818 च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्येही हीच भीती आहे. राक्षस घडवणारा व्हिक्टर त्या राक्षसासाठी अर्धवट घडवलेली मादी फाडून टाकतो ते त्या दोघांना मुलं होतील या विचारानं. एकाशी लढता येतं, वंशाशी लढणं फार अवघड.

पायरी ३: वजनाचा हिशेब

इथे थोडक्यात आटपू, पण ही पायरी गाळू नका. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1926 च्या एका निबंधात प्राण्यांच्या आकाराचं गणित सोप्या शब्दांत समजावलं होतं. उंची, रुंदी, जाडी दुप्पट केली की वजन आठपट होतं, पण हाडाचा छेद चौपटच वाढतो. त्यामुळे मुंगी नुसती मोठी करून हत्तीएवढी केली तर ती स्वतःच्या वजनाखाली कोसळेल. मोठा जीव हवा असेल तर त्याला जाड पाय, पाण्याचा आधार किंवा कमी गुरुत्वाकर्षण द्या.

दुसरा हिशेब वाढीचा. मुठीएवढा जीव रातोरात माणसाएवढा झाला, तर मधलं साठ किलो आलं कुठून? हा प्रश्न टाळला की वाचकाचा विश्वास उडतो. हाच प्रश्न एखाद्या पात्राच्या तोंडी घातला की प्रसंग तयार होतो: कोणीतरी कोठारात जातं, आणि मागच्या रांगेतली सगळी पोती जागच्या जागी उभी असतात, फक्त रिकामी.

पायरी ४: वागण्याचे तीन नियम, आणि ते मोडायचे नाहीत

जीवनचक्र म्हणजे मोठा आराखडा. वाचकाला प्रत्यक्ष दिसतं ते वर्तन. तीन नियम पुरतात. त्याहून जास्त झाले तर वाचकाच्या लक्षात राहत नाहीत, आणि लक्षात न राहिलेल्या नियमाची भीती वाटत नाही.

नियम शोधण्यासाठी मी नेहमी खऱ्या परजीवींकडे जातो. लान्सेट यकृतकृमीची कथा ऐका. त्याला मेंढीच्या पोटात जायचं असतं, पण त्या वेळी तो असतो मुंगीत, आणि मेंढी मुद्दाम मुंग्या खात नाही. मुंगीच्या पोटातल्या अळ्यांपैकी एक तिच्या घशाखालच्या चेतागंडात, म्हणजे चेतापेशींच्या गाठीत, जाऊन बसते, बाकीच्या पोटात वाट बघतात. संध्याकाळी गारवा आला की ती मुंगी वारूळ सोडून गवताच्या पात्याच्या टोकावर चढते, जबडा घट्ट रोवते आणि रात्रभर तशीच राहते. चरणाऱ्या मेंढीनं ते पातं खाल्लं तर कृमीचं काम झालं. नाही खाल्लं, तर सकाळी ऊन तापल्यावर जबडा सुटतो, मुंगी खाली उतरते आणि दिवसभर इतर मुंग्यांसारखी कामाला लागते. संध्याकाळी पुन्हा वर.

मला यातलं सगळ्यात भीषण वाटतं ते तिचं परत येणं. त्यावरून निवळचा पहिला नियम सुचला: यजमान, म्हणजे ज्याच्या अंगात निवळ शिरला आहे तो माणूस, रोज पहाटे, तळावरचं तापमान सगळ्यात कमी असतं त्या वेळी, विवराच्या दाराशी जाऊन उभा राहतो. दार बंद असेल तर तासाभरानं परत येऊन झोपतो. सकाळी त्याला काही आठवत नाही. न्याहारीला तो नेहमीसारखा हसतो, बोलतो, मीठ मागतो.

दुसरा नियम: यजमान कधीही कोणावर हल्ला करत नाही. हा नियम मी मुद्दाम घातला. हल्ल्याला प्रतिकार करता येतो, शांतपणाला कसा करणार? एमराल्ड गांधीलमाशी झुरळाला दोन डंख मारते. पहिला छातीत, त्यानं पुढचे पाय थोडा वेळ लुळे पडतात. दुसरा अगदी नेमका, डोक्यातल्या चेतागंडात. त्यानंतर झुरळाला चालता येतं, पण आपणहून चालावंसं वाटत नाही. माशी त्याची मिशी धरते आणि जनावराला दाव्यानं न्यावं तशी त्याला बिळात घेऊन जाते, त्याच्या पायावर अंडं चिकटवते, बिळाचं तोंड खड्यांनी बुजवते. पाय शाबूत असलेलं झुरळ आत स्वस्थ बसून राहतं.

तिसरा नियम: निवळ दिवस मोजत नाही, ऊब मोजतो. याचा उपयोग पुढे होईल.

पायरी ५: यजमानाच्या आत कोण जागं आहे ते ठरवा

जीव माणसाच्या अंगात शिरणार असेल तर हा निर्णय टाळता येत नाही. त्या माणसाला कळतंय का? त्याला थांबायचं आहे का?

ऑफिओकॉर्डिसेप्स ही बुरशी मुंग्यांना झाडावर चढवून पानाच्या शिरेला चावा घ्यायला लावते, मुंगी तिथेच मरते आणि तिच्या डोक्यातून बुरशीचा देठ फुटतो, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पुढे आली. बुरशीच्या पेशींनी मुंगीच्या स्नायूंभोवती जाळं विणलं होतं, पण मेंदूत त्या शिरलेल्याच नव्हत्या. मुंगीला काय जाणवतं ते सांगता येत नाही. पण कथेतला यजमान माणूस असतो. मेंदू शाबूत, आणि हातपाय दुसऱ्याच्या ताब्यात, ही कल्पना माणसाला लावून बघा.

दुसरा पर्याय सुटकेचा आहे, आणि तो कथांत फार कमी दिसतो. डिनोकॅम्पस नावाच्या गांधीलमाशीची अळी ढालकिड्याच्या पोटात वाढते, बाहेर येते आणि त्याच्याच पायांमध्ये कोष विणते. ढालकिडा जिवंत असतो. अंगाला झटके देत तो त्या कोषावर पांघरूण घातल्यासारखा बसतो, जणू राखण करतो. माशी उडून गेल्यावर काही ढालकिडे बरे होतात आणि पुन्हा पूर्वीसारखे जगू लागतात. तुमच्या कथेत एकजण असा बरा होऊ द्या. त्याला काय आठवतं ते त्याला विचारा. निवळच्या कथेत बरी झालेली बाई एवढंच सांगते की दाराशी उभं असताना तिला वाईट वाटत नव्हतं. घरी पोचल्यासारखं वाटत होतं. मग ती रडते, कारण ते वाटणं आता गेलं आहे.

पायरी ६: वाचकाला घड्याळ वाचायला शिकवा

जीवनचक्राला मुदत असते, आणि मुदत म्हणजे घड्याळ. पण लेखकानं सांगितलं म्हणून वाचक त्या घड्याळावर विश्वास ठेवत नाही. त्याला ते स्वतः ओळखू द्यावं लागतं. माझा क्रम असा असतो.

पहिल्या बळीचा फक्त शेवट दाखवा. विवरात गोठलेला माणूस, अंगात पायजमा, चेहरा शांत. अपघात म्हणून नोंद. दुसऱ्या बळीची मधली अवस्था आणि शेवट दाखवा: पहाटेचं उभं राहणं, सकाळचं विसरणं, मग एका रात्री दार उघडं राहणं. तिसऱ्याची सुरुवात दाखवा. जेवताना एकजण सहज म्हणतो, 'काय झोप लागली काल! गुडघाही दुखत नाही आता.' बस, एवढंच वाक्य. टेबलावरच्या कोणालाही काही वाटत नाही, पण वाचकानं मनात मोजायला सुरुवात केलेली असते. यापुढे तुम्ही तारीख सांगितली की पुरे. प्रकरणाच्या सुरुवातीला 'सहावा दिवस' एवढं लिहिलं तरी अंगावर काटा येतो.

चौथ्या वेळी घड्याळ चुकू द्या, पण नियम मोडू नका. तळावरच्या माणसांनी दोन बळींवरून नऊ दिवसांचा हिशेब बांधला आहे. बॉयलरखोलीत काम करणारी तंत्रज्ञ मात्र पाचव्याच पहाटे दाराशी उभी दिसते. इथे तिसरा नियम कामी येतो. कीटकशास्त्रात अळीची वाढ नुसत्या दिवसांवर मोजत नाहीत. तिला किती ऊब किती काळ मिळाली याची बेरीज करतात. प्रेतावरच्या माश्यांच्या अळ्यांवरून मृत्यूची वेळ काढताना हीच बेरीज वापरतात. बॉयलरखोलीतल्या उबेत निवळ भराभर वाढला. जीवानं फसवलं नाही, माणसांनी चुकीची गोष्ट मोजली. अशी कलाटणी वाचकाला मान्य होते, कारण पुरावा आधीच त्याच्या हातात होता. ऐन वेळी जीवाला नवी शक्ती फुटली तर वाचकाची सगळी मोजणी वाया जाते, आणि पुढे तो मोजतच नाही.

मुदत कधी अनिश्चितही ठेवता येते. माणसात रेबीजची लक्षणं साधारण दोन-तीन महिन्यांत दिसतात, पण आठवड्याभरात किंवा वर्षभरानंही दिसू शकतात. अशा जीवाची भीती वेगळी असते. चावा बरा झालेला असतो, आणि रोज सकाळी पाण्याचा पेला उचलताना त्या माणसाचा हात किंचित थांबतो.

पायरी ७: रूप नको, क्रिया लिहा

दोन उतारे शेजारी ठेवतो. पहिला: 'दाराशी एक भयानक आकृती उभी होती. तिचे डोळे निस्तेज होते आणि अंगातून जणू मृत्यूच वाहत होता.' दुसरा: 'तो दाराशी उभा होता. अनवाणी. कपाळ लोखंडाला टेकवलेलं. मी हाक मारली. त्यानं मान वळवली नाही, फक्त थोडा बाजूला सरकला. मला जागा करून दिली.'

दुसऱ्या उताऱ्यात एकही भीतीचा शब्द नाही. शेवटच्या क्रियेतून मात्र दोन गोष्टी कळतात: त्याला आपली जाणीव आहे, आणि आपणही तिथे उभं राहायला आलो आहोत असं त्याला वाटतं. भयानक, विचित्र, अमानवी ही विशेषणं पुनर्लेखनात शोधून काढा आणि प्रत्येकाच्या जागी जीवानं केलेली एक लहानशी कृती लिहा.

पायरी ८: चक्राचा कच्चा सांधा शोधा आणि त्याची किंमत वाढवा

कथेचा शेवट बंदुकीनं करू नका. जीवनचक्र ज्या दोन टप्प्यांच्या मध्ये तुटू शकतं, तिथे शेवट आहे.

याचं सगळ्यात मोठं खरं उदाहरण म्हणजे नारू. दूषित पाण्यातून पोटात गेलेली अळी सुमारे वर्षभर अंगात वाढते, मादी कधीकधी मीटरभर लांब होते, आणि बहुधा पायावर फोड येऊन ती बाहेर डोकावते. फोडाची इतकी आग होते की माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि नेमक्या त्याच पाण्यात नारू आपली पिल्लं सोडतो. 1986 मध्ये जगात नारूचे सुमारे 35 लाख रुग्ण होते. आता वर्षाकाठी मोजके उरले आहेत. त्यावर ना लस आहे, ना औषध. पाणी कापडातून गाळायचं आणि रुग्णाला पिण्याच्या पाण्यात उतरू द्यायचं नाही, मुख्य भर या दोन गोष्टींवर होता. चक्र सांध्यावर तोडलं.

कथेत या सांध्याची किंमत जबर हवी. निवळच्या यजमानाला थंडीपासून अडवलं तर निवळ अंगातच मरतो. पण त्यासाठी माणसाला सतरा दिवस खाटेला बांधून ठेवावं लागतं. तो आरडाओरडा करत नाही, शिव्या देत नाही. तो त्याच्या नेहमीच्या आवाजात, तुमचं नाव घेऊन विनवतो की फक्त पाच मिनिटं दाराशी उभं राहू दे, मग मी परत येतो. तळावर खाटेजवळ बसायला उरलेली माणसं कमी, दिवस सतरा, आणि पाणी सगळ्यांनीच प्यायलेलं. आता शेवटाची मारामारी एका खाटेच्या कडेला, दबक्या आवाजात होते.

पायरी ९: एक पान जीवाच्या बाजूनं लिहा

हे पान छापायचं नाही. पहिला खर्डा झाला की जीवाच्या बाजूनं त्याचं संपूर्ण आयुष्य लिहून काढा, माणसं यायच्या आधीपासून. तो कुठे जन्मला, काय खात होता, पिढ्यान् पिढ्या कसा तगला. लिहिताना जिथे हात अडेल तिथे कथेत भोक आहे. कधी ते बुजवावं लागतं. कधी मात्र त्या भोकातूनच कथेचा पुढचा भाग बाहेर येतो.

निवळचं पान लिहिताना माझा हात एका ठिकाणी अडला. परजीवी आणि यजमान यांची जुळणी लाखो वर्षांत होते. मुंगीला पात्यावर चढवणारा कृमी त्या मुंग्यांबरोबरच घडत आलेला असतो. अनोळखी प्राण्याच्या अंगात शिरल्या शिरल्या त्याला इतकं नेमकं चालवणं कोणाला जमत नाही. निवळला मात्र माणसं पहिल्याच खेपेला जमली. झोप कशी द्यायची, दुखणं कसं थांबवायचं, पाय कसे उचलायचे, बंद दारापाशी थांबून मागे कसं फिरायचं, हे सगळं त्याला आधीच येत होतं.

कोरी जागा सोडून मी पुढचं वाक्य लिहिलं, आणि दुसऱ्या खर्ड्यात विवर आणखी चारशे मीटर खोल नेलं. ऊबदार रक्ताचं, दोन पायांवर चालणारं, दारं बांधणारं कोणीतरी त्या बर्फाखाली आधी राहत होतं.